पाटी दिसते, गाव दिसत नाही

स्वारगेटच्या एसटी स्थानकात गाडी फलाटाला लागली की शंभर डोळे एकाच वेळी तिच्या पाटीकडे वळतात. सातारा, फलटण, सांगली, पंढरपूर. पाटी वाचायला एका क्षणाहून अधिक वेळ लागत नाही. या गर्दीत एखादे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ असे असतात, की ते गर्दीतून कोणालाही न धडकता चालत येतात, लाल गाडी ओळखतात, तिच्यावर पाटी आहे हेही त्यांना दिसते. पण पाटीवर गावाचे नाव असते त्या जागी त्यांना फक्त करडा डाग दिसतो. ते शेजारच्या माणसाला विचारतात, "ही कुठली हो?" शेजारचा त्यांच्याकडे जरा संशयाने पाहतो. जो माणूस खांब चुकवून चालतो, त्याला वीतभर अक्षरे कशी दिसत नाहीत?

संशय साहजिक असला तरी चुकीचा आहे. चालण्यासाठी लागणारी दृष्टी आणि वाचण्यासाठी लागणारी दृष्टी एकाच डोळ्यात असल्या, तरी त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. वाचण्याची जागा दृष्टिपटलाच्या मध्यभागी आहे. तिचा व्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर. तिला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. वय वाढताना या जागेची झीज होण्याचा जो आजार आहे, त्याने जगभरात २०२० साली सुमारे १९ कोटी ६० लाख माणसे ग्रासलेली असतील आणि २०४० पर्यंत हा आकडा २८ कोटी ८० लाखांवर जाईल, असा अंदाज २०१४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात मांडला गेला होता. या आजाराचे संशोधन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या वेगाने पुढे गेले, तसे वैद्यकाच्या फार थोड्या शाखांत घडले असेल. तरीही आपल्याकडे हा आजार घरोघरी माहीत नाही.

तीन बिंदू

मराठीत डोळ्यांशी जोडलेले तीन बिंदू आहेत आणि त्यांचा गोंधळ सर्रास होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सगळेच चित्र धुक्यात गेल्यासारखे होते. शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू मरत जातात. त्यात बहुधा कडेची दृष्टी आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. पीतबिंदू हे मात्र मुळात आजाराचे नाव नाही. तो प्रत्येकाच्या डोळ्यात असलेला अवयवाचा भाग आहे. त्याची झीज झाली की काचबिंदूच्या नेमके उलटे घडते: कडा शाबूत राहतात आणि मध्य हरवतो.

नावांच्या या साधर्म्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. "दिसत नाही म्हणजे मोती आला असेल, पिकला की काढू" असे म्हणून घरचे लोक थांबतात. मोतीबिंदूत काही महिने थांबल्याने सहसा फारसे बिघडत नाही. पीतबिंदूच्या झिजेचा जो 'ओला' प्रकार आहे, त्यात काही आठवड्यांतच कायमचे नुकसान होऊ शकते. या समजुतीला कारणही आहे. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. आपली शिबिरे, सरकारी कार्यक्रम, जाहिराती, सगळी यंत्रणा मोतीबिंदूभोवती उभी राहिली ती यामुळेच. पण माणसांचे आयुष्य वाढते आहे आणि मोतीबिंदू काढून झाल्यावरही ज्यांना वाचता येत नाही अशांची संख्या त्याबरोबर वाढणार आहे.

रोजचा कचरा

पीतबिंदूत नेमके काय बिघडते हे समजण्यासाठी थोडे आत शिरावे लागेल. दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. काठीसारख्या दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. शंकूपेशी रंग आणि बारकावे टिपतात. शंकूपेशींची सर्वांत दाट वस्ती पीतबिंदूच्या मधोमध, जेमतेम दीड मिलिमीटरच्या खळग्यात असते. आपण एखाद्या अक्षराकडे पाहतो म्हणजे त्याची प्रतिमा या खळग्यावर पाडतो.

प्रकाश टिपण्याचे काम झिजवणारे आहे. या पेशींच्या टोकांवर चकत्यांची चळत असते. रोज तिच्यातला सुमारे दहावा हिस्सा गळून पडतो आणि खालून नवा तयार होतो. गळालेला भाग उचलण्याचे काम मागच्या रंगद्रव्य पेशींचा एकपदरी थर करतो. या पेशी तो कचरा गिळतात, पचवतात, उपयोगी भाग परत देतात आणि बाकीचा मागच्या रक्तवाहिन्यांकडे ढकलतात. स्वारगेटहून हाकेच्या अंतरावर असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रोज सकाळी भाजीचा जो पाचोळा पडतो, तो एक दिवस उचलला गेला नाही तर काय होईल याची कल्पना पुणेकरांना करता येईल. डोळ्यातला हा सफाई कामगार आयुष्यभर बदलला जात नाही. माणूस ऐंशी वर्षांचा झाला की त्याच्या या पेशीही ऐंशी वर्षांच्या होतात.

काही डोळ्यांत उतारवयात ही उचल मंदावते. न उचललेला ऐवज या थराखाली पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने साचतो. त्यांना ड्रुसेन म्हणतात. थोडे बारीक ड्रुसेन वयाबरोबर अनेकांच्या डोळ्यांत असतात आणि त्यांचा त्रास होत नाही. ते मोठे आणि पुष्कळ झाले की धोका वाढतो. पुढे दोन वाटा फुटतात. पहिली 'कोरडी' वाट: रंगद्रव्य पेशी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या प्रकाशपेशी हळूहळू मरतात आणि नकाशातल्या बेटांसारखे रिकामे पट्टे पडतात. याला वर्षे लागतात. दुसरी 'ओली' वाट: मागच्या बाजूने नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर घुसतात, पाझरतात, त्यातून रक्तस्राव होतो आणि शेवटी वण उरतो. एकूण रुग्णांपैकी ओल्या प्रकारचे रुग्ण साधारण दहा ते पंधरा टक्केच असतात, पण उपचारांच्या आधीच्या काळात या आजाराने आलेल्या गंभीर अंधत्वाचा मोठा वाटा त्यांचाच होता.

कर्करोगाच्या वाटेने आलेले औषध

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओल्या प्रकारावर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. लेसरने नव्या रक्तवाहिन्या जाळता येत, पण त्याबरोबर वरचे दृष्टिपटलही जळे. उपाय सापडला तो वेगळ्याच दिशेने. १९७१ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी असा विचार मांडला की, कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या मागवून घेते आणि ही मागणी रोखली तर गाठीची वाढ रोखता येईल. त्यांच्या म्हणण्याला बराच काळ फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी ही मागणी पोहोचवणारे प्रथिन वेगळे काढले. त्याचे संक्षिप्त नाव व्हीईजीएफ. ओल्या प्रकारात डोळ्यात शिरणाऱ्या रक्तवाहिन्याही याच प्रथिनाच्या सांगण्यावरून वाढतात, हे पुढे स्पष्ट झाले.

या प्रथिनाला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याच कंपनीने डोळ्यासाठी त्याचा लहान भाऊ म्हणावा असा रॅनिबिझुमॅब हा रेणू तयार केला आणि तो २००६ मध्ये मंजूर झाला. त्याच्या चाचण्यांचे निकाल पाहून नेत्रतज्ज्ञांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जणांची दृष्टी वर्षभर टिकली आणि साधारण तिघांतल्या एकाची लक्षणीय सुधारली. तोपर्यंत या आजारात 'सुधारणा' हा शब्दच वापरात नव्हता.

पण मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली होती. २००५ मध्ये मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचे बेव्हॅसिझुमॅब अगदी थोड्या मात्रेत डोळ्यात टोचून पाहिले. परिणाम चांगला दिसला. एका कुपीतून अनेक रुग्णांची मात्रा निघत असल्याने खर्च अगदी कमी. अमेरिकेत एका मात्रेला सुमारे पन्नास डॉलर, तर रॅनिबिझुमॅबला सुमारे दोन हजार. जगभरचे डॉक्टर स्वस्त औषध वापरू लागले, पण त्याला डोळ्यासाठी मंजुरी नव्हती आणि दोन्हींची समोरासमोर तुलना करण्यात कंपनीला रस असण्याचे कारण नव्हते. अखेर अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने सार्वजनिक पैशातून सुमारे १२०० रुग्णांवर तुलना केली. २०११ मध्ये निकाल आला: एका वर्षानंतर दोन्ही औषधांनी दृष्टी सारखीच राखली होती. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हॅसिझुमॅबचा डोळ्यासाठीचा वापर अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातला. औषधाचा शोध प्रयोगशाळेत लागतो, पण ते परवडेल की नाही हे ठरवणारा प्रयोग कोण करतो, हा प्रश्न या प्रकरणाने उभा केला.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मोठी कुपी लहान सुयांत वाटताना निर्जंतुकता पाळली गेली नाही, तर डोळ्यात जंतुसंसर्ग होतो. गुजरातमधील काही रुग्णांच्या दृष्टीला अपाय झाल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या वापराविरुद्ध इशारा दिला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी आपली बाजू मांडल्यावर मार्चमध्ये तो मागे घेण्यात आला. दरम्यान दुसरी वाट उघडली होती. अहमदाबादच्या इन्टास कंपनीने २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबचे जगातले पहिले जैवप्रतिरूप बाजारात आणले. अशाच प्रतिरूपावर पुण्याजवळ जैवतंत्रज्ञान केंद्र असलेल्या लुपिन कंपनीनेही काम केले आहे.

सुईपेक्षा प्रवास मोठा

डोळ्यात सुई म्हटल्यावर कोणाच्याही अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने औषध देतात. काम काही मिनिटांचे. खरी अडचण पुढे आहे. औषध व्हीईजीएफला अडवते, पण ते तयार होणे थांबवत नाही. औषधाचा असर ओसरला की पाझर पुन्हा सुरू होतो. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर अंतर वाढवत वर्षानुवर्षे टोचून घ्यावे लागते.

इथे स्वारगेट पुन्हा डोळ्यांपुढे येते. साताऱ्याच्या, सांगलीच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या खेड्यातून पुण्यातल्या दृष्टिपटल-तज्ज्ञाकडे येणाऱ्या माणसाचा दिवस पहाटेच्या गाडीने सुरू होतो. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट. पण ज्याला पाटी वाचता येत नाही तो एकटा येऊ शकत नाही. सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा एक दिवसाचा रोज बुडतो. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर उन्हात डोळे दिपतात. परत जाताना पुन्हा स्थानक, पुन्हा रांग. हे सुरुवातीला महिन्यातून एकदा, नंतर अंतर वाढवत, पण वर्षानुवर्षे. दोनदा-तीनदा टोचल्यावर बरे वाटते, मग शेतीचे काम येते, लग्न येते आणि खाडा पडतो. चाचण्यांत मिळालेला फायदा रोजच्या जगात टिकत नाही, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे आणि त्याचे मुख्य कारण चुकलेल्या सुया हेच आहे.

म्हणून आजच्या संशोधनाचा मोठा भाग औषध अधिक प्रभावी करण्यापेक्षा अधिक काळ टिकणारे करण्यावर खर्च होतो. २०११ चे अफ्लिबरसेप्ट आणि २०२२ चे फॅरिसिमॅब ही त्या वाटेवरची पावले. डोळ्यातल्या पेशींनाच हे औषध तयार करायला शिकवणाऱ्या जनुकोपचाराच्या चाचण्याही चालू आहेत. 'महिन्याऐवजी चार महिन्यांनी' हा फरक प्रयोगशाळेत किरकोळ वाटेल. खेड्यातल्या कुटुंबासाठी उपचार चालू राहणे आणि सुटणे यांतला तो फरक आहे.

कोरड्या वाटेवर

कोरड्या प्रकाराचे कोडे अवघड निघाले. २००५ च्या मार्चमध्ये 'सायन्स' नियतकालिकात तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केले की, कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल या आजाराचा धोका बराच वाढवतो. कॉम्प्लिमेंट ही शरीराची जंतूंविरुद्धची जुनी संरक्षक फळी. फॅक्टर एच तिला आवर घालतो. आवर सैल पडला की ही फळी आपल्याच पेशींवर तुटून पडते. म्हातारपणाची झीज म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्यात प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाचाही हात आहे, हे त्यातून कळले. या शोधातून निघालेली दोन औषधे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती रिकाम्या पट्ट्यांची वाढ काहीशी मंदावतात, पण गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. त्यांपैकी एकाला, पेगसेटाकोप्लानला, युरोपीय औषधसंस्थेने २०२४ मध्ये मान्यता नाकारली. पट्टा नकाशावर कमी वाढला तरी रुग्णाला रोजच्या जगण्यात त्याचा लाभ होतो असे दिसत नाही, असा तिचा आक्षेप होता. तोच पुरावा पाहून दोन जबाबदार संस्था दोन निर्णय घेऊ शकतात, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

गोळ्यांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत २००१ मध्ये असे दिसले की, जस्त, तांबे, क आणि ई जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन यांचे ठरावीक मिश्रण मध्यम अवस्थेतल्या रुग्णांत पुढची अवस्था येण्याचा धोका सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी करते. २०१३ च्या पुढच्या चाचणीत बीटा कॅरोटीनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन घातले गेले, कारण धूम्रपान केलेल्यांत बीटा कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. ही दोन रंगद्रव्ये म्हणजेच पीतबिंदूचा पिवळा रंग. शरीर ती तयार करत नाही. पालक, मेथी, मका, अंड्यातला बलक यांतून ती येतात. मात्र निरोगी डोळ्यांना या गोळ्यांनी आजार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. दुकानातून परस्पर घेण्याची ही वस्तू नव्हे.

मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानच्या कोबे शहरात मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्धेच्या स्वतःच्या त्वचेतल्या पेशींपासून रंगद्रव्य पेशींचा तुकडा बनवून तिच्या डोळ्यात बसवला. २०२५ मध्ये युरोपातील ३८ रुग्णांत दृष्टिपटलाखाली दोन मिलिमीटरची चकती आणि कॅमेऱ्याचा चष्मा यांच्या साहाय्याने अक्षरे वाचण्याइतकी मध्यदृष्टी मिळवून देण्याच्या प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभर टिकलेल्यांपैकी बहुतेकांना लाभ झाला. ही आशा खरी आहे. पण याच आशेच्या नावाखाली फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात पैसे घेऊन 'मूळ पेशी' टोचलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याची नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली. खऱ्या चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेतले जात नाही, ही साधी खूण पुरेशी आहे.

आपली मोजणी

आपल्याकडे हा आजार किती? महाराष्ट्रात याचे मोलाचे काम नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मन संशोधक योस्ट योनास यांच्यासह केले. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ खेड्यांतल्या तीस वर्षांवरील ४७११ लोकांचे डोळे तपासले गेले. बोलावलेल्यांपैकी ऐंशी टक्के लोक आले. ग्रामीण पाहणीत हे प्रमाण मोठे आहे. या लोकांत पीतबिंदूच्या झिजेची पुढची अवस्था फारच थोड्यांत आढळली. दृष्टी कमी असण्याची मोठी कारणे साधी होती: योग्य नंबराचा चष्मा नसणे आणि मोतीबिंदू. दुसरीकडे उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या लोकांच्या पाहणीत पुढच्या अवस्थेचे प्रमाण शेकडा एकाच्या थोडे वर निघाले. दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. एकीत तिशीतले तरुण मोजलेले आहेत, दुसरीत फक्त वृद्ध. हा आजार वयाचा आहे. मोजणीत वय बदलले की आकडा बदलतो.

मोजणी इथे होणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. आशियाई लोकांत ओल्या आजाराचा एक उपप्रकार, ज्यात रक्तवाहिन्यांना द्राक्षांसारखे फुगे येतात, गोऱ्या लोकांपेक्षा अधिक आढळतो आणि त्याला उपचार काहीसे वेगळे लागतात. परदेशातला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लागू होईलच असे नाही. शिवाय आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेहातही पीतबिंदूला सूज येते आणि तिला हीच औषधे लागतात. पुण्यात ससूनपासून महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयापर्यंत डोळ्यांच्या तपासणीची सोय आहे. तिथवर वेळेत पोहोचणे हा प्रश्न उरतो.

घरातली चाचणी

स्वित्झर्लंडचे मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात या आजाराची सर्वांत स्वस्त चाचणी दिली: दहा सेंटिमीटरचा चौकोनांचा तक्ता, मध्ये एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या, तुटक्या किंवा पुसट दिसल्या तर त्याच आठवड्यात दृष्टिपटल-तज्ज्ञाकडे जायचे. आलेखवहीचे पान किंवा खिडकीचे गजही चालतील. एकेक डोळा झाकणे मात्र महत्त्वाचे, कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि महिने निघून जातात.

आणखी तीन गोष्टी घरच्यांना माहीत असाव्यात. धूम्रपान हे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण आहे. नेत्रदानात मिळणारा पुढचा पारदर्शक पडदा या आजारावर उपाय नाही. मागचे दृष्टिपटल अजून बदलता येत नाही. आणि मध्यदृष्टी गेलेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसतात. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अनुभवावरून याची नोंद केली. संदेश न मिळालेला मेंदू स्वतःच चित्रे काढतो. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. पण लोक काय म्हणतील या भीतीने आजी-आजोबा ते कोणालाच सांगत नाहीत. आपण विचारले तर सांगतात आणि सांगितल्यावर त्यांना हायसे वाटते.

प्रत्येक दिवाळी अंकाचे काही जुने वर्गणीदार असतात, जे एखाद्या वर्षापासून अंक घेतात पण वाचत नाहीत. "आता मन लागत नाही," असे ते म्हणतात. खरोखरच मन लागत नसेल. पण कधी ओळी वाकड्या होऊ लागलेल्या असतात, शब्दाच्या मधले अक्षर गळत असते आणि हे वय झाल्याचे लक्षण समजून त्यांनी अंक मिटून ठेवलेला असतो. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर हेच पान त्यांच्यापुढे धरा, एक डोळा झाकायला सांगा आणि विचारा: ओळी सरळ आहेत का? मग दुसरा.